कुराकाकेच्या पायथ्याची हजार खाचरे

जपानच्या मध्यभागी, प्रशांत महासागराच्या बाजूस, ऐची नावाचा प्रांत आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे त्याचे नाव जगभर झाले आहे. परंतु याच प्रांताच्या ईशान्य भागात कारखान्यांचा धूर दिसत नाही. तेथे डोंगर, अरुंद दऱ्या आणि त्यांत विखुरलेली लहान लहान गावे आहेत. या मुलखाला ओकु-मिकावा, म्हणजे ‘आतला मिकावा’, असे नाव आहे. शिन्शिरो शहराची हद्द आणि शितारा नगराची हद्द जेथे मिळतात तेथे कुराकाके नावाचा एक डोंगर उभा आहे. नावाचा अर्थ ‘खोगीर चढविलेला डोंगर’. उंची अवघी ८८३ मीटर; कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी अधिक. जपानमधील मोठ्या पर्वतांच्या यादीत त्याची गणना होत नाही. तरीही शेतकऱ्याने या डोंगराची हकीगत जाणून घ्यावी असे काही त्याच्या पायथ्याशी घडले आहे.

डोंगराच्या शिन्शिरोकडील अंगाला योत्सुया हे गाव आहे. पूर्वी ते होराई नगरात मोडत असे. २००५ साली होराई नगर शिन्शिरो शहरात विलीन झाले. गावाच्या वरच्या बाजूस, समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मीटर उंचीपासून ४२० मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे मीटरांच्या चढावर, भाताची खाचरे एकावर एक रचलेली आहेत. प्रत्येक खाचराला दगडी ताल आहे. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तशीच ही चुन्याशिवाय रचलेली भिंत होय. जपानी भाषेत अशा शेतीला ‘सेन्माइदा’, म्हणजे ‘हजार खाचरे’, असे म्हणतात. योत्सुयाच्या बाबतीत हे नाव अतिशयोक्तीचे नव्हते. एके काळी येथे १,२९६ खाचरे होती. आज त्यांपैकी सुमारे ४२० लावणीखाली आहेत. हजाराची चारशे कशी झाली आणि ती चारशे तरी कशी टिकली, हाच या लेखाचा विषय आहे.

डोंगराचे पाणी

भाताच्या शेतीचा प्रारंभ पाण्यापासून होतो. कुराकाकेच्या उतारावर पडणारा पाऊस रानात मुरतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. हे झरेच योत्सुयाच्या खाचरांचा आधार आहेत. येथे मोठे धरण नाही, पंप नाही. झऱ्याचे पाणी पाटाने वरच्या खाचरात उतरते, तेथून मोरीवाटे खालच्या खाचरात, आणि असेच पायरीपायरीने गावापर्यंत येते. शेवटी ते ओढ्याला मिळून तोयोकावा नदीत जाते.

या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वरच्या शेतकऱ्याने आपला बांध फुटू दिला, तर त्याचे नुकसान खालच्या दहा जणांना सोसावे लागते. वरच्याने पाणी अडवून धरले, तर खालची लावणी खोळंबते. म्हणून येथे ‘माझे शेत, माझी मर्जी’ असे म्हणून भागत नाही. पाटाची साफसफाई, पाण्याची पाळी, वाटेची डागडुजी ही कामे गावाने एकत्र येऊनच करावी लागतात. डोंगरी भातशेतीत सहकार हा उपदेशाचा विषय नसून पाण्याच्या वाहण्यातूनच निर्माण झालेली गरज आहे.

झऱ्याच्या पाण्यात एक दोषही असतो. ते फार थंड असते. थंड पाणी थेट खाचरात सोडले तर तोंडाजवळची रोपे खुजी राहतात आणि लोंब्या उशिरा व पोचट भरतात. जपानमधील डोंगरी शेतकऱ्यांनी यावर जुना उपाय शोधून ठेवला आहे. पाणी खाचरात सोडण्यापूर्वी ते बांधाच्या कडेने लांब, उथळ चरातून फिरवितात. उन्हाने ते कोमट झाले की मग आत घेतात. या चराला काही जागा द्यावी लागते, परंतु ती जागा वाया जात नाही. बाकीच्या खाचराचे पीक त्यामुळे हाती लागते.

१९०४ ची दरड

योत्सुयाच्या इतिहासातील सर्वांत दुःखद वर्ष १९०४ हे होय. त्या वर्षी जपान रशियाशी युद्धात गुंतला होता. जुलै महिन्यात दीर्घकाळ पाऊस लागून राहिला. पाण्याने फुगलेला डोंगराचा उतार सुटला आणि माती, दगड व झाडे यांचा लोंढा खाली आला. अशा प्रसंगाला जपानी लोक ‘यामा-त्सुनामी’, म्हणजे ‘डोंगराची लाट’, म्हणतात. समुद्राची लाट जशी किनाऱ्यावर येते तशीच ही लाट गावावर आली. घरे वाहून गेली. अकरा माणसे मृत्यू पावली. पिढ्यान् पिढ्या खपून उभी केलेली खाचरे चिखल आणि दगडगोटे यांखाली गाडली गेली.

अशा वेळी गाव सोडून जाणे हा सोपा मार्ग होता, आणि कोणी तसे केले असते तर त्याला दोषही देता आला नसता. परंतु योत्सुयाच्या लोकांनी गाव सोडले नाही. त्यांनी दगड बाजूला केले, पुन्हा ताली रचल्या, माती भरली, पाट वळविले. हे काम यंत्रांच्या काळापूर्वीचे. पहार, कुदळ, टोपली आणि माणसाची पाठ एवढीच साधने होती. सुमारे पाच वर्षांत खाचरे पुन्हा लावणीयोग्य झाली. गाव करील ते राव काय करील, ही म्हण आपल्याकडे नेहमी ऐकू येते. कुराकाकेच्या पायथ्याशी तिचा अर्थ दगडांत रचलेला दिसतो.

दगडी ताल रचणे हे कसबाचे काम आहे. तिचा पाया घट्ट जमिनीत न्यावा लागतो. भिंत सरळ उभी न ठेवता थोडी डोंगराकडे कललेली ठेवतात. पुढच्या मोठ्या दगडांच्या मागे लहान गोट्यांचा थर भरतात. या थरातून मागील मातीत साचलेले पाणी निचरून जाते. हा निचरा बुजला की भिंतीवर पाण्याचा दाब येतो, तिला पोट सुटते, आणि पुढच्या मोठ्या पावसात ती ढासळते. म्हणून चुन्याने वा सिमेंटने सांधे बंद केलेल्या भिंतीपेक्षा नीट रचलेली कोरडी भिंत डोंगरात पुष्कळदा अधिक टिकते.

वर्षाची कामे

एप्रिलच्या सुमारास बांधांची कामे सुरू होतात. आतल्या अंगाचा जुना चिखल खरवडून काढतात आणि नवा चिखल थापून फावड्याच्या पाठीने गुळगुळीत करतात. उंदीर, चिचुंद्री व खेकडे यांसारख्या जीवांनी पाडलेली भोके या लेपाने बुजतात. मग पाणी घेऊन चिखलणी होते. मे महिन्यात लावणी उरकते. उन्हाळ्यात बांधांवरचे गवत पुनःपुन्हा कापावे लागते. डोंगरी शेतीतील सर्वांत कष्टाचे काम कोणते असे विचारले तर लावणी किंवा कापणी नव्हे, तर हे गवत कापणे, असे उत्तर मिळेल; कारण खाचर लहान आणि बांध उंच, त्यामुळे पिकाखालच्या जमिनीच्या मानाने गवताचे क्षेत्र फार मोठे असते. पूर्वी हेच गवत व रानातील कोवळा पाला खत म्हणून खाचरात तुडवीत असत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणी होते. कापलेल्या पेंढ्या बांबूच्या व लाकडाच्या मांडवांवर उलट्या टांगून उन्हात वाळविण्याची जुनी पद्धत येथे अजून पाहावयास मिळते. मोठे कापणीयंत्र अशा चिंचोळ्या खाचरात वळू शकत नाही. चालत हाकायची लहान यंत्रे आणि हात यांवरच काम चालते.

बियाण्याच्या बाबतीतही डोंगराची गरज वेगळी असते. सपाटीवरील गरव्या जाती येथे थंडीपूर्वी तयार होत नाहीत. ऐची प्रांताच्या कृषि संशोधन केंद्राने आपल्या डोंगरी शाखेत ‘मिने-आसाही’ नावाची जात निवडून काढली. तिचा दाणा लहान, पण भात चवीला उत्तम. मिकावाच्या डोंगराळ भागात ती लोकप्रिय झाली. करपा रोगाला ती बळी पडे; म्हणून पुढे तिच्यातच रोगप्रतिकारक गुण आणण्याचे काम संशोधकांनी केले. सपाटीसाठी काढलेली जात डोंगरावर लादण्याऐवजी डोंगरात संशोधन करून डोंगरासाठी जात काढली गेली, हे येथे विशेष नमूद करण्यासारखे आहे.

शेजारची गावे

कुराकाकेच्या भोवतालच्या गावांचे जीवन भात आणि रान या दोन पायांवर उभे होते. ओक जातीची झाडे ठरावीक वर्षांनी तोडून त्यांचा कोळसा पाडीत. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटत आणि रान नव्याने उभे राही. छपरासाठी गवताचे माळ राखून ठेवलेले असत. डोंगराचा देव वसंतात खाली उतरून शेताचा देव होतो आणि सुगीनंतर पुन्हा डोंगरावर जातो, अशी श्रद्धा जपानच्या खेड्यांत सर्वत्र आढळते. पाणी डोंगरातून शेतात येते, तसा देवही येतो, असा हा साधा विचार आहे.

शितारा हद्दीतील दामिने गावात दरवर्षी फेब्रुवारीत ‘देंगाकु’ नावाचा उत्सव होतो. त्यात भातशेतीची वर्षभराची कामे देवापुढे अभिनयाने करून दाखवितात आणि येणाऱ्या वर्षी चांगले पीक यावे अशी प्रार्थना करतात. दामिने, होराईजी आणि कुरोसावा येथील या परंपरेला जपानी शासनाने १९७८ साली राष्ट्रीय महत्त्वाचा लोकवारसा म्हणून मान्यता दिली.

दामिनेची आणखी एक आख्यायिका आहे. सतराव्या शतकात गावकऱ्यांनी देवळाच्या बांधकामासाठी सरकारी रानातील लाकूड तोडले. चौकशीसाठी अधिकारी येणार असे कळताच गाव भयभीत झाले. लोकांनी कान्नोन देवीला नवस केला, की या संकटातून सोडविलेस तर गावात तीन घरे उरेपर्यंत दरवर्षी तुझ्यापुढे नाटक करू. आणि ऐन उन्हाळ्यात बर्फ पडून अधिकाऱ्याची चौकशी अडली, असे सांगतात. नवस फेडण्यासाठी काबुकी नाटक देवीपुढे होत आले आहे. ‘तीन घरे उरेपर्यंत’ हे शब्द पूर्वी केवळ निष्ठा दाखविण्यासाठी होते. आज डोंगरातील गावे रिकामी होत असताना त्यांना निराळाच अर्थ येऊ लागला आहे.

हजाराची चारशे

दरडीने जे साधले नाही ते शांततेच्या काळाने साधले. १९५५ नंतर जपानचे उद्योग झपाट्याने वाढले. ऐची प्रांताच्या सपाटीवर मोठे कारखाने उभे राहिले आणि डोंगरातील तरुण तिकडे गेले. घरोघरी गॅस व तेल आले. कोळशाची मागणी संपली. १९७० पासून देशात तांदळाचे उत्पादन गरजेपेक्षा अधिक होऊ लागल्यामुळे शासनाने भाताखालील क्षेत्र कमी करण्याचे धोरण अवलंबिले. ते २०१८ पर्यंत चालले. क्षेत्र कमी करावयाचे तर लांबचे, लहान व कष्टाचे खाचर प्रथम सोडले जावे, यात नवल नाही. जपानच्या डोंगरांत अनेकांनी अशा खाचरांत सुगी व हिनोकी ही लाकडाची झाडे लावली. पुढे लाकडालाही पूर्वीचा भाव राहिला नाही.

सोडलेले खाचर हे नुसते रिकामे खाचर नसते. दरवर्षी चिखलणी होत असताना तळाशी एक घट्ट थर तयार झालेला असतो; तो पाणी सावकाश झिरपू देतो. चिखलणी थांबली की हा थर वाळून तडकतो. पावसाचे पाणी भेगांतून थेट खोल जाते, तालीच्या मागे साचते आणि भिंत ढासळते. एक ताल पडली की तिच्या खालची धोक्यात येते. माणसे गेली की रानडुकरे व हरणे गावाजवळ सरकतात आणि उरलेल्यांची शेती आणखी कठीण होते. १९०४ चा अनुभव ज्या गावाच्या गाठी आहे त्याला ही साखळी समजावून सांगावी लागत नाही.

टिकविण्याचे प्रयत्न

योत्सुयात खाचरे राखण्यासाठी गावकऱ्यांनी ‘कुराकाके-पायथा सेन्माइदा संरक्षण मंडळ’ स्थापन केले. गावाबाहेरच्या लोकांना लावणी-कापणीत सहभागी करून घेणे, वाटा व पाट सांभाळणे, शाळकरी मुलांना खाचरात उतरविणे अशी कामे त्यातून होत आली. अलीकडच्या वर्षांत लावणीनंतर जूनमध्ये एका संध्याकाळी बांधांवर दिवे लावण्याचा कार्यक्रम होतो. उतारावरील खाचरांच्या कडा दिव्यांनी उजळतात. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. गावाला मात्र ती लावणी पुरी झाल्याची आणि आणखी एक वर्ष मिळाल्याची खूण आहे.

शासनाकडूनही मदत झाली. १९९९ साली जपानच्या कृषि मंत्रालयाने देशातील १३४ ठिकाणच्या डोंगरी खाचरांची उत्कृष्ट म्हणून निवड केली. त्यांत योत्सुयाचा समावेश होता. २००० सालापासून डोंगराळ भागातील शेतीला थेट अनुदान देण्याची योजना सुरू झाली. हे अनुदान सरसकट वाटले जात नाही. गावातील शेतकऱ्यांनी एकत्र बसून पाच वर्षे शेती चालू ठेवण्याचा करार करावा लागतो. वीस मीटरांत एक मीटर वा त्याहून अधिक उतार असलेल्या भातशेतीस दर दहा आर क्षेत्राला, म्हणजे सुमारे दहा गुंठ्यांना, पूर्ण दराने २१,००० येन मिळतात. २०१९ साली डोंगरी खाचरांच्या प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदाही झाला.

यामागचा विचार असा, की डोंगरी शेतकरी केवळ तांदूळ पिकवीत नाही. तो पावसाचे पाणी अडवितो, माती धरून ठेवतो आणि नदीला सावकाश पाणी सोडतो. तोयोकावाच्या खोऱ्यातील पाण्यावर १९६८ साली पूर्ण झालेला मोठा कालवा खालच्या मैदानातील व आत्सुमी द्वीपकल्पातील शेतीला पाणी पुरवितो. खालच्या शेतकऱ्याचे सुख वरच्या डोंगराच्या आरोग्यावर अवलंबून आहे, हे तेथे नकाशा न पाहताही समजते.

तरीही सर्व प्रश्न सुटले असे म्हणता येणार नाही. खाचरांत काम करणारे हात थकत चालले आहेत. अनुदानाने बांधावरचे गवत कापले जात नाही. त्यासाठी माणूसच लागतो. दिव्यांच्या रात्री आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी परत जातो. पाहुण्यांतील एखादे कुटुंब राहावयास येते की नाही, यावर पुढील पन्नास वर्षे ठरणार आहेत.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्राचा आणि जपानी भातशेतीचा संबंध नवा नाही. मुंबईजवळ बोरिवली येथील कोरा केंद्रात जपानी पद्धतीच्या भात लागवडीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून देशभर त्या पद्धतीचा प्रसार करण्यात आला. गादीवाफ्यावरची रोपे, ओळीतली लावणी आणि भरपूर खत या गोष्टी तेव्हा आपण घेतल्या. कुराकाकेच्या पायथ्याकडून घेण्यासारखी गोष्ट लावणीची नसून राखणीची आहे. सह्याद्रीच्या उतारांवरही खाचरे आहेत, गडगे आहेत, आणि शहराकडे गेलेले तरुण आहेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर तोच प्रसंग आला. डोंगराच्या कुशीतील गावांत काम करणाऱ्या ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. पावसाळ्यापूर्वी गावातील सर्व ताली व गडगे एकत्र फिरून पाहावेत. पोट सुटलेली किंवा दगड निसटलेली भिंत आधी दुरुस्त करावी.

२. भिंतीमागील निचरा बुजू देऊ नये. जादा पाणी जाण्यासाठी प्रत्येक खाचराला दगडी सांडवा असावा आणि तो खालच्या भिंतीच्या मुळावर न पडता ओढ्याकडे वळवावा.

३. एखाद्याने खाचर सोडले असेल तर त्याच्या संमतीने ते शेजाऱ्याने वा गटाने कसावे. ते शक्य नसल्यास निदान पाणी बाहेर काढून द्यावे व बांधावर गवताचे आच्छादन राहू द्यावे.

४. उताराचा पायथा यंत्राने तोडून सपाटी करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा.

५. मोठ्या पावसात जमिनीला नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा थांबणे, ही दरडीची पूर्वचिन्हे समजावीत. ती दिसताच गुरे-माणसांसह सुरक्षित जागी जावे आणि तालुक्याच्या कचेरीला कळवावे. सकाळची वाट पाहू नये.

योत्सुयाच्या लोकांनी १९०४ नंतर रचलेल्या ताली आज शंभर वर्षांहून अधिक काळ माती धरून उभ्या आहेत. त्या रचणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही. परंतु ज्या खाचरांना अजून धनी आहेत त्यांच्या बांधांवर दर वसंतात नवा चिखल थापला जातो, तोपर्यंत त्यांचे काम संपलेले नाही. डोंगर एकदाच बांधून होत नाही. तो दरवर्षी थोडा थोडा बांधावा लागतो.